दुर्गम भागातल्या आणीबाणीत ‘पोकस’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाटाखालच्या किंवा जंगलातल्या रुग्णालयात रात्रपाळी करणारे वैद्यकीय अधिकारी, बंधपत्रित सेवेला निघालेले तरुण डॉक्टर, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर आणि अधूनमधून एखाद्या रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा यांच्याकडून पोकसबद्दल, म्हणजे खाटेशेजारीच करायच्या सोनोग्राफीबद्दल, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली परिस्थिती आणि इथला कायदा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नुसतं वाचून प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) धरता येत नाही, ते कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं. पण तो कशासाठी धरायचा हे आधी पक्कं असलं की शिकणं सोपं जातं.

पोकस म्हणजे काय? नेहमीच्या सोनोग्राफीपेक्षा ती वेगळी कशी?

पॉइंट ऑफ केअर अल्ट्रासाउंड, डॉक्टरांच्या तोंडी ‘पोकस’. मशीन तेच, ध्वनिलहरी त्याच. नेहमीच्या सोनोग्राफीसाठी रुग्ण रेडिओलॉजिस्टकडे जातो, एकेक अवयव नीट पाहिला जातो, मोजमापं होतात, रिपोर्ट हातात पडतो. पोकसमध्ये जो डॉक्टर उपचार करतोय तोच खाटेशेजारी उभा राहून एक प्रश्न घेतो आणि हो की नाही एवढंच पाहतो. पोटात मोकळं रक्त आहे का? हृदयाभोवती पाणी साठलंय का? फुफ्फुस श्वासाबरोबर सरकतंय का?

माझा नियम कडक आहे. उत्तर काहीही आलं तरी पुढे करायचं तेच करणार असू, तर प्रोब हातात घ्यायचा नाही. मशीन नवीन असतं तेव्हा सगळ्यांना सगळं पाहावंसं वाटतं, आणि तेवढ्यात पाठवण्याची वेळ निघून जाते.

रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचंच असेल तर इथे सोनोग्राफी कशाला?

कारण ‘पाठवायचंच’ हे वाटतं तितकं सरळ नसतं. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ताच राहत नाही. धडगावहून नंदुरबारला जायचं तर सातपुड्याचे घाट उतरावे लागतात. पोलादपूर-महाडकडे जुलैत दरड कधी खाली येईल सांगता येत नाही. अशा ठिकाणी १०८ ची एकच गाडी उभी असते आणि कॅज्युअल्टीत एकाच अपघातातले तिघे झोपलेले असतात. आधी कोणाला बसवायचं? जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं, की तिथे रात्री सर्जन नाही म्हणून थेट सिव्हिलला? निघण्याआधी छातीत नळी घालायची का? या तीन प्रश्नांची उत्तरं पाच मिनिटांत मिळणार असतील, तर ती पाच मिनिटं वाया गेली असं म्हणता येणार नाही.

रवांडातल्या दोन ग्रामीण रुग्णालयांत २००८ साली तिथल्याच डॉक्टरांना सोनोग्राफी शिकवून नोंदी ठेवल्या गेल्या. तपासलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्क्यांच्या उपचाराची दिशा त्यामुळे बदलली, आणि सर्वांत जास्त वेळा झालेला बदल म्हणजे शस्त्रक्रियेचा निर्णय. शहरात सीटी स्कॅन शेजारच्या खोलीत असतो, तिथे या आकड्याचं वजन जाणवणार नाही.

अपघाताच्या रुग्णात प्रोब आधी कुठे ठेवायचा?

उजव्या बरगड्यांवर, यकृताच्या बाजूने. ‘फास्ट’ नावाच्या तपासणीत चार जागा पाहतात, आणि उताण्या झोपलेल्या माणसाच्या पोटात रक्त साचलं तर बहुतेकदा पहिल्यांदा इथे दिसतं. यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांच्या मधल्या फटीला मॉरिसन पाउच म्हणतात. एरवी तिथे एक पांढरी रेघ असते. मोकळं रक्त शिरलं की त्या रेघेच्या जागी काळी पट्टी येते, टोकाला निमुळती, दोन अवयवांच्या मध्ये घुसलेली.

इथे नवशिक्याने थांबू नये. प्रोब पायाच्या दिशेने सरकवत यकृताचं खालचं टोक गाठा. थोडं रक्त असतं तेव्हा ते बरेचदा मधल्या फटीत न दिसता या टोकाशी दिसतं. मग वर सरकून पडद्याच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या डायफ्रामच्या, वरची छाती पाहा, तिथे रक्त साचलं असेल तर एरवी हवेमुळे न दिसणारा मणका पडद्याच्या वरही दिसू लागतो.

दुसरी जागा डावी, प्लीहेजवळची. हात जरा जास्तच मागे न्यावा लागतो, मुठीची हाडं गादीला टेकतील इतका, आणि उजवीपेक्षा थोडा वर. डाव्या बाजूला रक्त मूत्रपिंडाजवळ न साचता प्लीहा आणि पडदा यांच्या मध्ये आधी साचतं, त्यामुळे पडदा दिसल्याशिवाय ही जागा पाहिली असं लिहू नका. बैलाचं शिंग, मोटारसायकलचं हँडल, झाडावरून पडताना लागलेली फांदी, यांचा मार बरेचदा याच बाजूला असतो. कातडीवर खरचटल्याची खूणसुद्धा नसते आणि आत प्लीहा फाटलेली असते.

तिसरी ओटीपोटाची. मूत्राशय भरलेलं असलं तर त्यातूनच मागचं दिसतं, म्हणून कॅथेटर घालण्याआधी ही जागा पाहून घ्या. सिस्टरांना हे आधीच सांगून ठेवलं की रात्री गडबड होत नाही. चौथी जागा छातीच्या हाडाखालची, हृदयासाठी. प्रोब जवळजवळ आडवा धरून यकृतातून हृदय पाहायचं, भोवती काळं कडं आहे का तेवढंच बघायचं.

याला छातीच्या दोन्ही बाजू जोडल्या की ‘ई-फास्ट’ होते. हात बसल्यावर सगळं तीन ते पाच मिनिटांत होतं.

फास्टमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे पोट ठीक आहे ना?

नाही. हे वाक्य भिंतीवर लावून ठेवण्याजोगं आहे. पोटात साधारण दोनशे मिलीलीटर किंवा त्याहून जास्त रक्त साचल्याशिवाय ते सहसा दिसत नाही, आणि अपघातानंतर लगेच आलेल्या माणसात तेवढं साचलेलं नसतं. आतडं फाटलेलं फास्टला कळत नाही. मूत्रपिंडामागचं, कण्याजवळचं रक्त दिसत नाही. लहान मुलांत तर निगेटिव्ह फास्टवर आणखीच कमी विसंबावं.

म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, नाडी वाढली तर लगेच पाहा, गाडी निघण्याआधी एकदा पाहा. उलट बाजूही लक्षात असू द्या. काळी पट्टी दिसली म्हणजे रक्तच असंही नाही. दारूने यकृत खराब झालेल्या माणसाच्या पोटात आधीपासून पाणी असतं. आणि गोठलेलं रक्त काळं न दिसता राखाडी दिसतं, शेजारच्या अवयवात मिसळून जातं, ते नजरेतून निसटतं.

छातीत हवा भरली आहे हे सोनोग्राफीने खरंच कळतं?

कळतं, आणि झोपलेल्या रुग्णाच्या एक्स-रेपेक्षा चांगलं कळतं. दोन बरगड्यांच्या मध्ये प्रोब उभा ठेवला की त्यांच्या सावल्यांमध्ये एक चकचकीत पांढरी रेघ दिसते. निरोगी माणसात ती श्वासागणिक मागेपुढे सरकते. मध्ये हवा शिरली की सरकणं थांबतं. एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल काळानुसार दाखवणारी सोय) लावला तर समुद्रकिनाऱ्यासारख्या चित्राऐवजी बारकोडसारख्या सरळ रेघा येतात, या खुणांची नावंही तीच आहेत.

एक सावधगिरी आपल्याकडे विशेष महत्त्वाची. जुन्या टीबीनंतर फुफ्फुस छातीला चिकटून बसलेलं असतं आणि तेही सरकत नाही. श्वासनळीतली ट्यूब उजवीकडे खोल गेली असेल तर डावं फुफ्फुस सरकत नाही. म्हणून ‘सरकत नाही’ एवढ्यावर छातीत नळी घालू नका, रुग्णाची अवस्था आणि मार कुठे लागलाय ते जुळतंय का पाहा. सरकणारं आणि न सरकणारं फुफ्फुस जिथे भेटतं ती सीमा स्क्रीनवर सापडली, तिला लंग पॉइंट म्हणतात, तर मात्र निदान जवळजवळ पक्कं.

आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्सचा, म्हणजे छातीत अडकलेल्या हवेचा दाब वाढत चाललेला, रुग्ण डोळ्यांदेखत निळा पडत असेल तर मशीन आणायला कोणालाही पाठवू नका. सुई आधी.

धाप लागलेल्या रुग्णात काय पाहायचं?

फ्रेंच अतिदक्षतातज्ज्ञ डॅनिएल लिख्टेनश्टाइन यांनी फुफ्फुसाच्या सोनोग्राफीचा पाया घातला. तोवर पुस्तकात लिहिलेलं असे की हवेमुळे फुफ्फुस सोनोग्राफीत दिसत नाही. त्यांनी २००८ साली ‘ब्लू’ नावाची पद्धत मांडली. आपल्या कामापुरतं सांगायचं तर कोरड्या फुफ्फुसात आडव्या रेघा दिसतात, त्यांना ए-लाइन्स म्हणतात. फुफ्फुसात पाणी भरू लागलं की वरच्या पांढऱ्या रेघेपासून स्क्रीनच्या तळापर्यंत उभे झोत पडतात, देवळाच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीसारखे. त्या बी-लाइन्स. एका फटीत तीन किंवा जास्त दिसल्या तर ते नेहमीचं नव्हे. दोन्ही बाजूंना सगळीकडे असतील तर पल्मनरी एडिमाचा, म्हणजे फुफ्फुसात पाणी भरल्याचा, विचार करा, एकाच जागी असतील तर न्यूमोनियाचा. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिकांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला कितीही धाप लागली तरी फुफ्फुस ए-लाइन्सचंच राहतं. रात्री दोन वाजता, एक्स-रे तंत्रज्ञ नसताना, पाणी उतरवणारं लॅसिक्स द्यायचं की नेब्युलायझर लावायचं हे ठरवायला हा फरक फार उपयोगी पडतो. सिकल सेलच्या (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाला छातीत दुखून धाप लागली तर फुफ्फुसाचा एखादा भाग घट्ट झालाय का हेही इथेच दिसतं. नंदुरबार आणि गडचिरोलीत काम करणाऱ्यांना हा रुग्ण वारंवार भेटतो.

विंचूदंशात याचा काही उपयोग आहे का?

हा प्रश्न कोकणातून हमखास येतो. लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या स्वयंचलित मज्जासंस्थेत वादळ उठतं. दरदरून घाम, वांत्या, बर्फासारखे गार हातपाय, आणि काही तासांत हृदय थकून फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या साध्या दवाखान्यातून हा आजार उलगडला आणि प्रॅझोसिनची गोळी वापरात आणली. त्यानंतर मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. हे काम त्यांनी निरीक्षणाच्या बळावर केलं, खाटेशेजारी बसून, नाडीवर हात ठेवून. पोकसला मी त्याच परंपरेतली गोष्ट मानतो.

उपयोग असा. सात-आठ वर्षांचं मूल येतं, चार उलट्या झालेल्या, घामाने अंगातला सदरा भिजलेला, हात गार, नाडी बारीक. हे पाणी कमी झाल्याने आहे की हृदय दमल्याने? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि उपचार अगदी उलटे. पहिल्यात सलाईन हवं, दुसऱ्यात तेच सलाईन मुलाला बुडवेल. प्रोब छातीवर ठेवा. दोन्हीकडे ए-लाइन्स आणि हृदय जोरात आकुंचन पावतंय, तर पाणी सावकाश द्यायला जागा आहे. बी-लाइन्स उगवू लागल्या आणि डावा कप्पा नुसता थरथरतोय, तर सलाईनचा वेग कमी करा आणि ऑक्सिजन आणि पुढच्या उपचारांकडे वळा. स्टेथोस्कोपने करकर ऐकू येण्याआधीच बी-लाइन्स बरेचदा दिसतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने त्याच जागा पुन्हा पाहा आणि केस पेपरवर वेळेसकट लिहा. प्रॅझोसिन किंवा विंचूप्रतिविष देण्यासाठी मात्र सोनोग्राफीची वाट पाहू नका, ते लक्षणांवरूनच ठरतं.

बीपी लागत नाही. तेव्हा?

क्रम ठरवून ठेवा: हृदय, मोठी शीर, फुफ्फुस, पोट. हृदयाभोवती पाणी आहे का, आकुंचन जोमदार की मरगळलेलं, उजवा कप्पा डाव्यापेक्षा फुगलाय का. मग यकृतामागची महाशीर, म्हणजे आयव्हीसी. ती बारीक असून श्वास घेताना मिटत असेल तर अंगात पाणी कमी असण्याची शक्यता जास्त, फुगून तट्ट असेल तर सलाईनची बाटली सोडताना दहादा विचार करा. एकट्या आयव्हीसीवर निर्णय घेऊ नका. ती फसवते, विशेषतः रुग्ण जोरजोरात श्वास घेत असेल तेव्हा.

पावसाळ्यात डेंग्यूचा रुग्ण ताप उतरल्यावर अचानक ढासळतो. उजव्या फुफ्फुसाखाली पाणी, पित्ताशयाची जाड झालेली भिंत, पोटात थोडं द्रव, ही प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, झिरपत असल्याची चिन्हं. प्लेटलेट किती यावर सगळं घर अडून बसलेलं असतं, पण धोका या गळतीत असतो. नातेवाईकांना ही गोष्ट समजावून सांगण्यात वेळ घालवा.

पाळी चुकलेली, पोटात कळ आणि चक्कर. अशा बाईत पोकस करावी का?

लघवीची गरोदरपणाची चाचणी आधी. ती पॉझिटिव्ह असेल, पोटात कळ असेल आणि मॉरिसन पाउचमध्ये द्रव दिसलं, तर नळीतला गर्भ फुटल्याचं गृहीत धरून हलायचं. गर्भाशयात गर्भपिशवी शोधत बसण्यात वेळ दवडू नका. दोन जाड सुया, रक्तगट, गायनॅकॉलॉजिस्टला फोन, गाडी. आणि चाचणी पॉझिटिव्ह आहे म्हणजे ही गरोदर स्त्रीची सोनोग्राफी आहे, त्यामुळे पुढच्या प्रश्नातलं सगळं इथे लागू होतं.

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी करणाऱ्या, कायद्यात पोकस बसते का?

बसते, पण कायद्याच्या चौकटीत राहूनच. छातीच बघायची आहे, पोटाला हात लावणार नाही, असं म्हणून सुटका होत नाही. गर्भलिंग कळू शकेल असं कोणतंही मशीन, खिशात मावणारं असलं तरी, नोंदणीकृत जागेतच ठेवता आणि वापरता येतं. विक्रेत्यालाही ते नोंदणी नसलेल्या कोणाला विकता येत नाही. परदेशातल्या भावाकडून ‘गिफ्ट’ म्हणून मागवलेला प्रोब हा सरळ गुन्हा आहे.

पोर्टेबल मशीनबद्दल २०१२ मध्ये नियम आणखी स्पष्ट झाले. ते नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी वापरावं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकात. घरोघरी किंवा परस्पर एखाद्या शिबिरात नेणं यात येत नाही. म्हणून आणीबाणीच्या रुग्णाचा केस पेपर आधी काढा, दाखल करून घ्या, मग प्रोब ठेवा. सिस्टरने कागद करेपर्यंत तुमची नाडी-बीपी बघून होते, उशीर होत नाही.

गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ (कायद्याने ठरवलेला नोंदीचा फॉर्म) लागतो, अपघातातल्या फास्टलासुद्धा. बेशुद्ध बाईची सही कशी घेणार, हा खरा प्रश्न आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून, अशा प्रसंगी काय नोंदवायचं ते आधीच लेखी घेऊन फाइलला लावून ठेवा. नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जातो. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा घडला तर ५ वर्षं आणि ५०,००० रुपयांपर्यंत. फॉर्ममधल्या त्रुटींना ‘किरकोळ कारकुनी चूक’ म्हणून सूट द्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळली.

कायदा जाचक आहे अशी तक्रार मी पुष्कळ ऐकतो आणि मला ती पटत नाही. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा १९९४ चा. तरीही ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत राज्यात ९१३ होती ती २०११ मध्ये ८९४ वर आली, बीड जिल्ह्यात तर ८०७ वर. याच मशीनने हे घडवलं. ज्या हातांत ते आणीबाणीसाठी सोपवायचं त्या हातांनी चार फॉर्म भरायला कुरकुर करू नये. मागायचंच असेल तर दुर्गम तालुक्यांसाठी सरकारी खर्चाने प्रशिक्षण मागावं.

मग पोकस नेमकं कोण करू शकतं?

रेडिओलॉजी आणि कायद्याने मान्य केलेलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर, किंवा २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि त्याची परीक्षा पूर्ण केलेले एमबीबीएस डॉक्टर. सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीत त्यांचं नाव असावं लागतं. बदली होऊन नवीन वैद्यकीय अधिकारी आला तर आधी नाव चढवा, मग प्रोब द्या.

सिस्टर आणि आशाताईंनी प्रोब धरू नये. काही आफ्रिकी देशांत परिचारिकांना हे शिकवलं जातं, आपल्याकडे कायदा ते मान्य करत नाही. पण तपासणी वेगाने व्हायची तर सिस्टरशिवाय होत नाही. मशीन चार्ज आहे का, रुग्ण कोणत्या अंगावर आहे, कॅथेटर थांबवायचा आहे का, हे त्यांच्याच हातात असतं.

हात बसायला किती सराव लागतो?

अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शनात प्रत्येक प्रकाराच्या २५ ते ५० तपासण्या, कोणीतरी जाणकाराने तपासलेल्या, असा ठोकताळा आहे. मी यात एक भर घालीन. आधी शंभर निरोगी पोटं बघा. नॉर्मल डोळ्यांत भरल्याशिवाय अ‍ॅबनॉर्मल दिसत नाही. फुफ्फुस सर्वांत लवकर जमतं, हृदयाला सर्वांत जास्त वेळ लागतो.

कोणतं मशीन घ्यावं?

एकच प्रोब मिळणार असेल तर बाकदार, २ ते ५ मेगाहर्ट्झचा. पोट, फुफ्फुस आणि कामापुरतं हृदयही त्याने दिसतं. सपाट, जास्त वारंवारितेचा प्रोब शिरा आणि वरवरच्या गोष्टींसाठी. मोबाइलला जोडायचे हातातले प्रोब आता बरेच आले आहेत. बटरफ्लाय या कंपनीने २०१७ पासून स्फटिकांऐवजी चिपवर चालणारा एकच प्रोब आणला, जो या वेगवेगळ्या प्रोबची कामं एकटाच करतो. चित्र मोठ्या मशीनइतकं खोल नसतं, पण आपल्या हो-नाहीच्या प्रश्नांना पुरतं.

खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही असे तीन प्रश्न विचारा. सलग वापरात बॅटरी किती टिकते? बिघडल्यास दुरुस्तीला कुठे जाणार आणि तोवर दुसरं देणार का? आणि उन्हात काय होतं? चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हातातला प्रोब तापतो आणि सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. लसींच्या खोलीत, म्हणजे जिथे हमखास गारवा असतो तिथे, त्याची जागा करा, पण आइसलाइन्ड फ्रिजच्या आत ठेवू नका.

जेल संपलं तर?

पाण्याने वेळ मारून नेता येते. कॉर्नफ्लोर पाण्यात शिजवून गार केलेली खळही चालते, त्याच दिवशी वापरून फेकून द्यावी. तेल लावू नका, प्रोबचं रबर खराब होतं. सुई टोचायची असेल तिथे निर्जंतुक जेलच हवं, कारण उघड्या बाटलीतल्या जेलमध्ये जंतू वाढतात आणि त्यातून संसर्ग पसरल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. प्रत्येक रुग्णानंतर प्रोब पुसा, कशाने पुसायचा ते कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

निदानाशिवाय आणखी काही फायदा?

शिरा सापडत नसलेल्या रुग्णाला लाईन लावताना, छातीतलं पाणी काढताना, मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला फेमोरल नर्व्ह ब्लॉक (मांडीची नस बधिर करणारं इंजेक्शन) देताना. शेवटच्याबद्दल मुद्दाम सांगतो. मोडलेला पाय घेऊन चार तास घाट उतरणं काय असतं, हे गाडीत बसून गेलेल्यालाच कळतं. ब्लॉक दिलेला माणूस वाटेत झोपतो.

दुसऱ्या गावचा तज्ज्ञ फोनवरून मदत करू शकतो का?

नक्कीच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांनी थोड्याशा प्रशिक्षणावर सोनोग्राफी केली आणि ह्यूस्टनचे तज्ज्ञ प्रोब कुठे हलवायचा ते सांगत होते. आपली अडचण नेटवर्कची असते. थेट व्हिडिओ अडकत असेल तर पाच-सहा सेकंदांची क्लिप पाठवा. स्थिर फोटोत फुफ्फुस सरकतंय की नाही ते कसं कळणार? क्लिपवरून रुग्णाचं नाव काढा, आणि गरोदर स्त्रीच्या पोटाची चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

नातेवाईकांना काय सांगायचं?

“सोनोग्राफी केली, नॉर्मल आहे,” असं कधीही म्हणू नका. लोक ते वाक्य घेऊन घरी जातात. “दादा, पोटात रक्त साचलंय का एवढंच पाहिलं, आत्ता दिसत नाही, थोड्या वेळाने परत बघणार आहोत. पूर्ण सोनोग्राफी ही नव्हे,” असं सांगा. सोनोग्राफी झाली म्हणजे आता पाठवायची गरज नाही, हा समज त्यांच्या मनातून काढायला मिनिटभर लागतो.

रेफर चिठ्ठीवर काय लिहायचं?

काय पाहिलं, काय दिसलं, काय दिसलं नाही आणि काय पाहता आलं नाही. चारही. नमुना असा:

‘पुरुष, ३४. रात्री ८ वाजता झाडावरून पडला. ९.१० : नाडी १२४, बीपी ९०/६०. ई-फास्ट : यकृत-मूत्रपिंडाच्या मध्ये द्रव नाही, प्लीहेच्या वर द्रव आहे. हृदयाभोवती नाही. दोन्ही फुफ्फुसं सरकतात. मूत्राशय रिकामं, ओटीपोट नीट पाहता आलं नाही. ९.१५ : ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम. ९.४० : पुन्हा पाहिलं, आता यकृताच्या टोकाशीही द्रव. रक्तगट बी पॉझिटिव्ह. सर्जनशी फोनवर बोलणं झालं, रक्त आणि ओटी तयार ठेवताहेत. ९.४५ ला गाडी निघाली.’

चिठ्ठीची प्रत केस पेपरला लावा. आठवड्याभरात तिकडच्या सर्जनला फोन करून पोटात प्रत्यक्षात काय निघालं ते विचारा आणि त्याच कागदावर लिहून ठेवा.